रानटी सातेरी वसाहतींचे स्थलांतर व घरगुती शोषणयंत्र

पेण व रोहा तालुक्यांत भाताची कापणी आटोपते, खाचरांच्या ओलीवर वाल पेरला जातो आणि काकडी-कारल्याचे वेल मांडवावर चढू लागतात. नेमक्या याच दिवसांत गावोगाव एक तक्रार कानी येते. कोणाच्या जुन्या घराच्या भिंतीत, कोठे शाळेच्या बंद कपाटात, कोठे गणपतीच्या कारखान्याच्या माळ्यावर, तर कोठे विजेच्या मीटरच्या पेटीत माश्या बसलेल्या असतात. घरात लहान मुले असतात, गोठ्यात गुरे असतात. मालक घाबरून जातो व पेटता बोळा लावतो, किंवा कीटकनाशकाची फवारणी करणाऱ्यास बोलावतो. अर्ध्या तासात काही हजार माश्या मरून पडतात आणि प्रकरण मिटले असे सर्वांना वाटते.

वस्तुतः ते मिटत नाही. भिंतीत राहिलेली मेणाची पोळी व मेलेला पिलावा कुजू लागतो, मुंग्या लागतात, मेणकिडा पडतो, मध पाझरून भिंतीला डाग येतात. शिवाय विषारी झालेला तो मध लुटावयास परिसरातील दुसऱ्या वसाहतींच्या माश्या येतात व त्याही मरतात. असा मध माणसाच्याही कामाचा राहत नाही. म्हणजे एका भिंतीवरील फवारणीने अवतीभोवतीच्या वसाहतींचेही नुकसान होते.

यात शेतकऱ्याचे काय जाते, हे ग्रामसेवकाने नेमके सांगितले पाहिजे. भातपिकाला मधमाशीची गरज नाही. भात बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळतो, ही गोष्ट प्रथमच मान्य करावी. मधमाशीमुळे प्रत्येक पीक दुप्पट होते असे सांगत फिरणारा प्रचारक दुसऱ्या हंगामात आपलाच विश्वास घालवून बसतो. परंतु काकडी, कारले व कलिंगड यांची गोष्ट वेगळी आहे. या वेलांवर नरफुले निराळी व मादीफुले निराळी असतात. पराग चिकट असल्याने तो वाऱ्यावर उडत नाही, कीटकाच्या अंगाला चिकटूनच मादीफुलापर्यंत पोहोचतो. काकडीचे मादीफूल साधारण एकच दिवस उमलते. त्या दिवशी माशी पुरेशा वेळा आली नाही तर फळ धरत नाही, अथवा धरले तरी एका अंगाने वाढते व वाकडे होते. अशी काकडी बाजारात कोणी घेत नाही. वेलाला खत कमी पडले असे शेतकरी समजतो, पण उणीव कित्येकदा माशीची असते.

भिंतीत बसलेली वसाहत मारण्याऐवजी ती जिवंत काढून मधपेटीत बसविता आली तर घरमालकाचा त्रास जातो व वेलमांडवाला माशी मिळते. हे काम महाराष्ट्राला नवे नाही. महाबळेश्वर येथे १९४६ पासून मधमाशीपालनाचे संघटित कार्य चालू असून राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय तेथे आहे. पुण्यात १९६२ साली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. रानातील सातेरीची वसाहत पेटीत आणण्याची रीत या परंपरेत पक्की बसलेली आहे. अलीकडे तिला जोड मिळू पाहते आहे ती घरी बनविता येणाऱ्या शोषणयंत्राची. या यंत्राचा उपयोग कोठे आहे व कोठे नाही, हे नीट समजून न घेता ते वापरल्यास फवारणीइतक्याच माश्या मरतील, म्हणून येथे त्याचा तपशीलवार विचार केला आहे.

प्रथम माशी ओळखावी

आपल्याकडे आग्या, फुलोरी व सातेरी अशा तीन मधमाश्या रानात आढळतात. उंच झाडाच्या फांदीला, कड्याला किंवा पाण्याच्या टाकीखाली एकच मोठे उघडे पोळे लोंबत असेल तर ती आग्या माशी होय. तिला पेटीत ठेवता येत नाही व शोषणयंत्र तर तिच्याजवळ कदापि नेऊ नये. चवताळलेल्या आग्या माश्या थव्याने पाठलाग करतात व त्यात माणसे दगावली आहेत. हे पोळे वर्दळीपासून दूर असेल तर त्यास हात न लावणेच उत्तम, कारण ही माशी ऋतुमानाप्रमाणे आपण होऊन स्थलांतर करते. झुडपाच्या काडीभोवती तळहाताएवढे एकच पोळे असेल तर ती फुलोरी. तीही पेटीत राहत नाही.

पेटीत राहणारी रानमाशी एकच, ती सातेरी. ती अंधाऱ्या पोकळीत, म्हणजे झाडाच्या ढोलीत, वारुळात, दगडी गडग्यात वा भिंतीत राहते आणि एकाला एक समांतर अशी अनेक पोळी बांधते. सात पोळी म्हणून सातेरी, असे या नावाचे स्पष्टीकरण देतात. प्रत्यक्षात पोळी पाचही असतात व दहाही. घरात शिरलेल्या ज्या वसाहतींबद्दल तक्रार येते त्या बहुधा सातेरीच्याच असतात. ही माशी स्वभावाने सौम्य आहे, परंतु तिच्यात एक मोठा दोष आहे. छळ झाला, अन्न तुटले किंवा मुंग्यांचा उपद्रव झाला की ती घर सोडून सरळ निघून जाते. स्थलांतराचे सर्व कौशल्य हा दोष ध्यानात ठेवण्यात आहे.

शोषणयंत्राची रचना

घरे झाडण्याच्या विजेच्या शोषणयंत्राने, म्हणजे व्हॅक्यूम क्लीनरने, माश्या ओढून घेण्याची कल्पना मूळची पाश्चात्त्य मधपालांची. त्यांच्याकडील मेलिफेरा जातीची माशी लाकडी घरांच्या पोकळ भिंतींत शिरते, म्हणून त्यांना अशा साधनाची गरज पडली. पण मेलिफेरा अंगाने मोठी व दणकट असते, सातेरी तिच्याहून लहान व हलकी. तिकडील यंत्राची नक्कल जशीच्या तशी येथे केली तर ओढ जास्त होते. म्हणून पुढील रचना करताना प्रत्येक ठिकाणी ओढ कमी कशी होईल हेच पाहावयाचे आहे.

घट्ट झाकणाची सुमारे वीस लिटरची प्लॅस्टिकची बादली घ्यावी. तिच्या आत सहज बसेल असा एक डबा घ्यावा. या आतल्या डब्याचा तळ कापून तेथे सुमारे दोन मिलिमीटर छिद्रांची तारेची जाळी बसवावी व डबा बादलीच्या तळापासून दोन इंच वर राहील अशा लाकडी ठोकळ्यांवर ठेवावा. माश्या ओढणारी नळी झाकणातून आतल्या डब्यात उतरवावी. शोषणयंत्राची नळी मात्र बादलीच्या बाजूला, जाळीच्या खालच्या अंगास जोडावी. अशा रचनेत हवा माश्यांसह डब्यात येते, जाळीतून गाळली जाते व पुढे जाते. माश्या डब्यातच राहतात. तळाची संपूर्ण जाळी उघडी असल्याने ओढ एका जागी एकवटत नाही व माश्या एका छिद्रावर चेंगरत नाहीत.

माश्यांची नळी आतून गुळगुळीत, सुमारे दीड इंच व्यासाची व सहा-सात फुटांहून लांब नसावी. वळ्यावळ्यांच्या नळीत माशीचे पाय व पंख आपटून मोडतात. नळी डब्यात जेथे उघडते तिच्या समोर मऊ स्पंजाचा तुकडा चिकटवावा, म्हणजे वेगाने येणारी माशी पत्र्यावर आदळत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. बादलीच्या बाजूस दोन इंचांचे एक भोक पाडून त्यावर पत्र्याची सरकती झडप बसवावी. झडप उघडी असेल तेवढी हवा बाहेरून फुकट आत येते व नळीच्या तोंडाची ओढ तेवढी कमी होते. काम सुरू करताना झडप पूर्ण उघडी ठेवावी आणि पोळ्यावरची माशी जेमतेम उचलली जाईल इतपतच ती हळूहळू मिटवावी. नळीचे तोंड तळहाताला लावले असता हात अडकून बसता कामा नये. पहिला सराव माश्यांवर करू नये. पेणला पोह्यांची वाण नाही. मूठभर पातळ पोहे पसरून ते यंत्राने ओढून पाहावेत व डबा उघडावा. पोह्यांचा चुरा झालेला दिसला तर माश्यांची काय गत होईल हे निराळे सांगावयास नको. पोहे अखंड निघेपर्यंत झडप, स्पंज व नळीची जागा यांत फेरफार करीत राहावे.

जोराची ओढ माशीला दोन प्रकारे मारते. एक तर ती आदळून मरते. दुसरे असे की, धूर लागताच माश्या पोटात मध भरून घेतात व धक्का बसताच तो ओकतात. माशीचा श्वास तिच्या शरीराच्या बाजूंवरील सूक्ष्म छिद्रांतून चालतो. मधाने ती छिद्रे बुजली की ती गुदमरते व तिला चिकटलेल्या दुसऱ्याही मरतात. म्हणून फुटलेल्या मधपोळ्यावरून नळी कधी फिरवू नये, मध आधी बाजूला काढून जागा ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. डब्यात माश्यांचा थर चार बोटांहून जाड होऊ देऊ नये व यंत्र एका वेळी काही मिनिटांहून अधिक चालवू नये. यंत्र थांबविताच नळीचे तोंड कापडी बोळ्याने बंद करावे, बादलीचे झाकण उघडून डबा सावलीत काढावा व जाळी मोकळ्या हवेवर ठेवावी. बंद बादलीत राहिलेल्या माश्या कोकणातील उकाड्यात पाहता पाहता तापून मरतात.

विजेची काळजीही तितकीच घ्यावी. भिंत उकरण्यापूर्वी त्या भागाचा वीजपुरवठा मुख्य कळीवर बंद करावा व यंत्राला वीज दुसरीकडून आणावी. मीटरच्या पेटीतील वसाहतीस वीज कंपनीचा कर्मचारी हजर असल्याशिवाय हात लावू नये. मधाने ओले झालेले हात धुऊन पुसल्यावाचून खटक्याला स्पर्श करू नये.

प्रत्यक्ष काम

यंत्र माश्या उचलते, वसाहत उचलीत नाही. या कामातील बहुतेक अपयश हे न समजल्याने येते. वसाहत म्हणजे राणी, पिलावा, साठविलेले अन्न व कामकरी माश्या हे सर्व मिळून. पिलाव्याची पोळी फेकून देऊन नुसत्या माश्या पेटीत ओतल्या तर त्या दुसऱ्याच दिवशी निघून जातात. म्हणून यंत्राची पाळी सर्वांत शेवटी येते.

कामास सकाळी ऊन पडल्यावर आरंभ करावा. तोंडावर जाळी घ्यावी. धुराड्याने दोन-चार हलके झोत द्यावेत, अधिक नको. सातेरी धुराने बिथरते व पोळ्यांवरून सैरावैरा पळू लागते, मग राणी सापडणे कठीण होते. पोकळी उघडली की कडेचे पोळे पाहून घ्यावे. अळ्या पाण्याने भरलेल्या पिशवीसारख्या होऊन घरट्यात उभ्या मेलेल्या दिसल्या तर तो पिशवी रोग असण्याचा संभव आहे. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतात या रोगाने सातेरीच्या वसाहती फार मोठ्या प्रमाणावर नष्ट केल्या. अशी वसाहत दुसऱ्या गावी नेऊ नये.

निरोगी वसाहतीची पोळी एकेक करून धारदार सुरीने कापावीत. सातेरी माशी मेलिफेराप्रमाणे डिंक वापरीत नाही, त्यामुळे पोळी सहज सुटतात. मधाचा भाग वेगळा कापून झाकणाच्या भांड्यात ठेवावा. पिलाव्याचा भाग मधपेटीच्या चौकटीत, भिंतीत होता तसाच वरचा भाग वर ठेवून, केळीच्या सोपटाने बांधावा. दोन-चार दिवसांत माश्या मेणाने तो चौकटीला पक्का जोडतात व सोपट कुरतडून टाकतात. पोळे बांधताना उन्हात धरू नये, पिलावा वाळतो.

पोळी काढीत असतानाच राणीचा शोध चालू ठेवावा. कामकरी माशीहून लांब पोटाची व काळसर अशी ती असते. ती दिसताच पिंजरीत घ्यावी व पिलाव्याच्या दोन चौकटींमध्ये लटकवावी. राणी यंत्राने ओढू नये. ती एकच असते व जायबंदी झाली तर सर्व श्रम वाया जातात. ती सापडली नाही तरी काम थांबविण्याचे कारण नाही. पोळ्यात ताजी अंडी असतील तर माश्या त्यांतून नवी राणी वाढवितात. अंड्यापासून पूर्ण राणी होण्यास सुमारे सोळा दिवस लागतात.

पोळी निघाली की पोकळीच्या कोपऱ्यांत, विटांच्या फटींत व वाशांमागे माश्यांचे घोस उरतात. हाताने धरता येत नाहीत व कुंच्याने झाडल्यास हवेत उडतात, अशा या माश्या म्हणजेच यंत्राचे खरे काम होय. नळीचे तोंड घोसापासून बोटभर अंतरावर धरून कडेकडेने फिरवावे, घोसात खुपसू नये. पहिल्या मूठभर माश्या ओढून होताच डबा उघडून पाहावा. त्या चालत-उडत असतील तर पुढे जावे, निपचित पडल्या असतील तर झडप आणखी उघडावी. अंगणात माणसांची वर्दळ असेल तेथे हवेतील माश्या अशा रीतीने कमी झाल्याने दंशाचा धोकाही कमी होतो. उलट रानातील ढोलीत किंवा वारुळात, जेथे जवळपास कोणी नाही, तेथे कुंचा व संयम पुरेसा असतो. तेथे यंत्र नेणे म्हणजे विनाकारण ओझे होय.

वसाहतीचा शोध घेण्याच्या कामी कातकरी बांधवांचे ज्ञान कोणत्याही यंत्राहून मोलाचे आहे. पाणी प्यावयास आलेली माशी कोणत्या दिशेने परतते हे पाहून ढोली गाठण्याची कला त्यांच्यात वंशपरंपरेने आहे. आजवर या कलेचा शेवट बहुधा पोळे पिळून मध काढण्यात झाला, कारण दुसरा मार्ग त्यांच्यापुढे कोणी ठेवलाच नाही. चौकटीत पोळे बांधण्याचे शिक्षण प्रथम त्यांना मिळावे. फणसाड अभयारण्य रोहा तालुक्यास लागून आहे. तेथील किंवा अन्य राखीव वनातील वसाहत वन विभागाच्या परवानगीवाचून काढू नये, हेही त्याबरोबर सांगावे.

डब्यातील माश्या पेटीच्या दारासमोर पांढऱ्या कापडावर हलकेच ओताव्यात. काही माश्या दारात पोट उंचावून पंखांनी वारा घालू लागल्या व बाकीच्या रांगेने आत चालू लागल्या की राणी आत आहे असे बहुधा समजावे. पेटी सूर्यास्तापर्यंत जुन्या जागेच्या अगदी जवळ ठेवावी, म्हणजे चरावयास गेलेल्या माश्या परतून तीत शिरतात. अंधार पडल्यावर दार जाळीने बंद करून पेटी हलवावी.

किती दूर न्यावी, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. सातेरी आपल्या घरापासून सामान्यतः एक ते दीड किलोमीटरच्या परिसरात चरते व तो परिसर तिला पाठ असतो. हमरापूरच्या कारखान्याच्या माळ्यावरील वसाहत त्याच गावाच्या दुसऱ्या टोकास नेली, तर दुसऱ्या दिवशी माश्या पुन्हा माळ्यावर येऊन भोकापाशी घोंघावतील. म्हणून अंतर तीन किलोमीटरांहून कमी नसावे. पेणच्या पश्चिमेकडील खारपट्टीत उन्हाळ्यात गोड्या पाण्याचीही टंचाई असते. त्यापेक्षा वरसई, कामार्ली, गागोदे या डोंगराकडील भागात जांभूळ, करंज, ऐन, किंजळ यांची झाडे माशीला अधिक सोयीची. वेलमांडव जवळ असेल तर उत्तम, पण त्या मांडवाचा मालक फुलोऱ्यात सकाळी औषध फवारणारा नसावा. फवारणी करावीच लागली तर ती माश्या घरी परतल्यावर, सायंकाळी करावी.

पुढील पंधरवडा

पेटी सावलीत, दार पूर्वेस करून ठेवावी व घोडीचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत असावेत. मुंग्यांनी पळवून लावलेल्या वसाहतींची संख्या मधपालांच्या हयगयीइतकीच मोठी असते. समभाग साखर व पाणी यांचा पाक रोज सायंकाळी पेटीच्या आत द्यावा. बाहेर एक थेंबही सांडू नये, अन्यथा दुसऱ्या माश्या लुटीस येतात. दाराला राणी अडेल पण कामकरी माशी जाईल अशी जाळी आठवडाभर लावावी. राणीला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिंजरीतून मोकळे करावे. त्यानंतर तीन-चार दिवस पेटी उघडण्याचा मोह आवरावा. पुढे उघडल्यावर घरट्यांच्या तळाशी उभी अंडी दिसली व पायांवर पराग घेऊन माश्या येताना दिसल्या की वसाहत स्थिरावली.

हे सारे नोव्हेंबर ते मार्च या काळात करावे. पावसाळ्यात फुलोरा नसतो, माशी अर्धपोटी असते व कोकणातील संततधारेत उघडलेला पिलावा गारठून मरतो. जून ते सप्टेंबरमध्ये तक्रार आली तर घरमालकास दोन-तीन महिने दम धरावयास सांगावे, भोकासमोर एक पडदा बांधून माश्यांची वाट माणसांच्या डोक्यावरून वळवावी.

काम करणाऱ्यास दंश होणारच. नांगी नखाने आडवी खरवडून लगेच काढावी. ज्यास पूर्वी दंशाने सर्वांगावर गांधी उठल्या असतील त्याने हे काम करू नये. दंशानंतर श्वास कोंडू लागला, ओठ सुजले वा घेरी आली तर घरगुती उपाय न करता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

पहिल्या हंगामात मधाची अपेक्षा ठेवू नये. जो मध साठेल तो माश्यांनाच पावसाळ्यासाठी लागतो. घरमालकाने मात्र वसाहत हलविल्याच्या दुसऱ्याच दिवशी भिंतीची पोकळी खरवडून, मेणाचा अंशही न ठेवता धुऊन काढावी व भोक विटा-सिमेंटने पक्के बुजवावे. जुन्या मेणाचा वास माश्यांना दुरून येतो, आणि उघड्या राहिलेल्या पोकळीत पुढच्या पोळेबांधणीच्या दिवसांत दुसरी सातेरी येऊन बसते.